फुटतुटीच्या वहीचं मागचं पान

मथुराबाईंना आमच्या कॉलेजात सगळे ‘काबरं-बाई’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. हे नाव मी ठेवलं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको.

मी सुलभा. बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवते आहे. मथुराबाई आमच्या लॅबमध्ये अटेंडंट होत्या. आधी त्या जागेवर त्यांचे यजमान होते. ते अचानक गेले आणि नोकरी बाईंना मिळाली. शिक्षण आठवी, वय चौतीस, घरी दोन लहान मुली. पहिल्या दिवशी मी त्यांना बजावलं, “बाई, इथली कुठलीही वस्तू हुंगायची नाही, आणि चाखायची तर मुळीच नाही.” त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, “मंग ते काय आहे हे कळन कसं?”

तेव्हाच मला ओळखायला हवं होतं की हे प्रकरण साधं नाही.

त्यांचं काम म्हणजे परीक्षानळ्या आणि चंचुपात्रं धुणं, बाटल्या भरून ठेवणं आणि मुलांनी फोडलेल्या काचेची नोंद करणं. त्यासाठी एक जाडजूड वही होती, फुटतुटीची वही. कुणी काय फोडलं, कधी फोडलं, सही. काच धुण्यात मात्र त्यांच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही. मुलांना त्या सांगायच्या, “नळी साफ झाली का नही हे मले नका विचारू, पाण्याले विचारा.” स्वच्छ काचेवर पाणी सगळीकडे सारखं पसरतं. कुठं जरासा तेलकटपणा राहिला की तिथं पाण्याचे थेंब होतात आणि घसरतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्यांनी ते मोरीत उभं राहून शोधून काढलं होतं.

आणि त्या विचारत. काबरं, म्हणजे का. हे निळं होतं, ते काबरं? हे गरम केल्यावर पांढरं पडतं, ते काबरं? मी वर्ग संपवून चहाला निघालेली असायची आणि ह्या हातात ओली नळी घेऊन दारात उभ्या. कधी मी सांगायची. पण पोरांची प्रॅक्टिकलं, तपासायचे पेपर, वरून प्रिन्सिपलसाहेबांची बैठक, ह्यात माझं ठरलेलं उत्तर तयार असायचं, “नंतर सांगते हं.” फारच नेट लावला तर, “बाई, हे अभ्यासक्रमात नाही.” तो जणू त्यांचाही अभ्यासक्रम होता.

अठ्ठावीस वर्षांनी, म्हणजे आता दोन वर्षांपूर्वी, त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, माझं छोटंसं भाषण. जाताना त्यांनी फुटतुटीची जुनी वही मागितली. तशीही ती रद्दीतच जाणार होती. मी म्हटलं, न्या. त्यात मागच्या बाजूने काय लिहिलेलं आहे, हे मी कधी उलटून पाहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतर त्या माहेरी फोपनारला राहायला गेल्या. भाऊ भाईदास तिथं केळी लावतो. फोपनारला केळी लावत नाही असा माणूस शोधावा लागेल. तर केळीचं असं असतं की एक झाड एकदाच घड देतं. घड कापला की खोडाचं काम संपलं. मग ती माणसाएवढी पाणीदार खोडं बांधावर टाकायची, कुजवायची, वाळली की पेटवायची. मथुराबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या असणार, हे फेकायचं काबरं?

गावात बायकांचा एक बचत गट होता. भाईदासची सून वैजयंती त्याची प्रमुख. खोडाचे पापुद्रे सोलून मशिनीत घातले की लांब, चमकदार तंतू निघतो. गटातल्या अकरा जणी त्याच्या दोऱ्या आणि चटया करत होत्या. त्याला गिऱ्हाईक बेताचंच. मग इंदूरच्या एका कंपनीकडून तृप्ती नावाची मुलगी आली. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, केमिस्ट्रीत एम.एस्सी. तिची कंपनी दवाखान्यांसाठी जखमेवर बांधायच्या पट्ट्या बनवते. अशा पट्टीत मधे एक शोषणारा थर असतो. जखमेतून पाझरेल ते त्याने ओढून घ्यायचं. तो थर केळीच्या तंतूपासून करता येईल, असं तृप्तीचं म्हणणं होतं. म्हणजे पेट्रोलियमपासून बनवलेला थर नको आणि कचऱ्यात पडल्यावर शंभर वर्षं तसाच राहणार नाही.

आमच्या भागात कापड कारखान्यांचे रंग वाहताना पाहून लोकांना ‘केमिकल’ म्हटलं की नाल्याचं पाणी आठवतं. त्यामुळे बायका जरा बिचकल्या. वैजयंतीने विचारलं, “हे तेजाब-बिजाब तर नही ना?”

तृप्ती म्हणाली, “नाही ताई, पहले वैसाच होता. कडक कॉस्टिक सोड्यात उकळायचे. आता एन्झाइम आहे.” आणि तिने एक फिकट पावडर दाखवली. केळं पिकताना आतून मऊ का पडतं? त्याच्या आतच एक पदार्थ असतो, तो पेशींना चिकटवून ठेवणारा डिंक सोडवतो. ही पावडर त्याच जातीची, फक्त बुरशीकडून करवून घेतलेली. कोमट पाण्यात ती तंतूंचा डिंक सोडवते, कॉस्टिकची गरज राहत नाही.

मथुराबाई जरा विचार करून म्हणाल्या, “म्हणजे खोड पिकवायचं.”

तृप्तीने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मला हे पुढे बाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या लाजल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांचं वाक्य कुणी लिहून घेतलं नव्हतं.

पद्धत अशी ठरली. तंतू पावडरच्या कोमट पाण्यात ठेवायचा. मग तो पांढरा करायचा. मग त्यातलं उरलंसुरलं मेण जावं म्हणून साबण-सोड्याच्या पाण्यात उकळायचा. साबण साधा, तेलापासून केलेला, कारण कपड्याच्या पावडरीचा अंश जखमेजवळ नको. शेवटी भरपूर पाण्यात धुऊन वाळवायचा. पास की नापास हे ठरवणारी परीक्षा फार सोपी आहे. तांब्याच्या तारेची लहान टोपली करायची, तीत वाळलेला तंतू भरायचा आणि ती पाण्यात सोडायची. दहा सेकंदांच्या आत बुडाली पाहिजे. बुडाली तर तंतू पाणी शोषतो. तरंगली तर तो जखमेवर काय कामाचा?

टोपली मथुराबाईंनी वळली. लॅबमध्ये त्यांनी जन्मभर तारा वळल्या होत्या. फेब्रुवारीत नमुना बुडाला सहा सेकंदांत. एप्रिलचा पाच सेकंदांत. कंपनीने एक खोली भरेल एवढं सामान पाठवलं, मोठ्या किटल्या, वाळवणाचे रॅक. अकरा जणींनी केळीचे घड वाहायची मजुरी सोडली आणि ह्या कामाला लागल्या. घड वाहून माना आखडलेल्या त्या बायका पहिल्यांदाच सावलीत काम करत होत्या.

आणि जुलैचा लॉट तरंगला.

नुसता तरंगला नाही, टोपली पाण्यावर दोन मिनिटं डुलत राहिली. ऑगस्टचा पहिला लॉटही तसाच. तृप्तीचा फोन आला, “ताई, सॉरी, ये भी फेल आहे. साहेब म्हणतात तीन लॉट फेल झाले तर सामान दुसऱ्या गावाला शिफ्ट करायचं.” म्हणजे तिसरा लॉट गेला की किटल्या उचलून नेणार, आणि अकरा जणी पुन्हा घड वाहायला. हे इतकं सरळ होतं.

अशा वेळी दोष कुणाला तरी हवा असतो. तो वैजयंतीच्या वाट्याला आला. साबण-सोड्याचं उकळणं तिच्याकडे होतं. ती घाई करते, वेळेआधी किटली उतरवते, घरी लेकराकडे पळते, असं बायका बोलू लागल्या. एक दिवस गटाची बैठक झाली आणि तिच्याकडची खोलीची किल्ली काढून गटातल्याच सुमनकडे दिली. मथुराबाई त्या बैठकीला होत्या. सुनेच्या बाजूने बोलल्या तर घरचीच म्हणून बोलते म्हणतील, म्हणून गप्प राहिल्या. त्या गप्प राहण्याचं त्यांना फार लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बसने माझ्याकडे आल्या. मी आता त्यांची मॅडम नव्हते, तरी त्या चपला बाहेर काढून, पदर सावरून बसल्या. सगळं सांगितलं.

मी काय केलं? मी भाषण केलं. पावसाळ्यात खोडात पाणी जास्त, वाढ भराभर, म्हणून तंतूवर मेण जास्त. मेण जास्त म्हणून पाणी शोषलं जात नाही. उपाय उघड आहे, साबण दीडपट करा. मी हे इतक्या ठामपणे सांगितलं की मलाच ते पटलं. बाई म्हणाल्या, “तुमी पाह्यलं का मॅडम, पावसाळ्यातलं खोड?” मी म्हटलं, पाहायची गरज काय?

त्यांनी साबण दीडपट केला. तिसऱ्या लॉटमधून मूठभर तंतू आधी वाळवून पाहिला. टोपली पाच मिनिटं तरंगली. म्हणजे माझ्या उपायाने दुखणं वाढलं होतं.

तिसरा लॉट, चाळीस किलो, रॅकवर पडून होता. तृप्ती तो न्यायला आठ दिवसांनी, शुक्रवारी येणार होती.

रविवारी सकाळी मथुराबाई पुन्हा माझ्या दारात. हातात पिशवी, पिशवीत कच्चा तंतू, पावडर, साबण, तांब्याची टोपली आणि ती फुटतुटीची वही. सगळ्या लॉटची नोंद त्या तिच्यातच करत होत्या. म्हणाल्या, “मॅडम, तुमचा गॅस पाह्यजे. एक एक वस्तू बदलून पाहू.” हे मी मुलांना दरवर्षी सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मी सरळ साबण दीडपट करून मोकळी झाले होते.

माझ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शेजारी, आम्ही केळीचा तंतू शिजवला. खोड पावसाळ्यातलंच. पावडर तीच, साबण तोच, वेळ वैजयंतीचीच, एक मिनिट जास्त नाही. पाणी माझ्या नळाचं, फिल्टरमधून काढलेलं. पंख्याखाली वाळवायला दुपार झाली. टोपली पातेल्यात सोडली. बाई मोजत होत्या, एक, दोन, तीन. सहाला टोपली खाली गेली.

म्हणजे खोड निर्दोष. माझं मेणाचं भाषण खोटं. वैजयंती निर्दोष. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण लगेच काढला. “मंग पाणी,” त्या म्हणाल्या.

“तिथं पाण्यात काय घालता?” मी विचारलं.

“काहीच नही. विहिरीचं पाणी आहे, पावसाळ्यात गढूळ येते तेवढंच.”

“औषध? ब्लीचिंग?”

“नही व मॅडम. मीच तर टाकी भरते रोज. काहीच घालत नही.”

दुसऱ्या दिवशी त्या फोपनारच्या पाण्याचा कॅन घेऊन आल्या. मी झाकण काढून ग्लासात ओतलं तर पाणी काचेसारखं. ऑगस्टच्या शेवटी, आमच्या भागात, विहिरीचं पाणी इतकं नितळ. मी म्हटलं, “गढूळ कुठं आहे?”

“आता नही ना. तुरटी फिरवलेली आहे.”

आणि आम्ही दोघी पुढच्या कामाला लागलो. मला हे लिहिताना आजही घाम फुटतो. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, आणि आम्ही दोघींनी साबण किसायला घेतला.

आमच्याकडे पावसाळ्यात प्रत्येक घरात पाण्याच्या माठाशेजारी दोरीला बांधलेला तुरटीचा खडा लटकतो. सकाळी पाणी भरलं की तो खडा पाण्यात फिरवायचा, गाळ खाली बसतो. माझी आई करायची, मी करत आले. मथुराबाईंच्या आईने त्यांना अकरा वेळा फिरवायला शिकवलं होतं. हे पाण्यात काही घालणं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. पाणी गाळणं, भांडं झाकणं, तसंच हे. जुलैत मी फोपनारला एकदा गेले होते तेव्हा मथुराबाई टाकीवर वाकून मुठीएवढा खडा पाण्यात फिरवत होत्या, आणि मी म्हटलं होतं, वा, किती स्वच्छ ठेवता तुम्ही सगळं.

तर साबण किसला. कॅनमधल्या पाण्यात टाकला. फेस आलाच नाही. पाण्यात पांढऱ्या गुठळ्या झाल्या, फाटलेल्या दुधासारख्या. बाईंनी पातेलं तिरकं केलं. गुठळ्या स्टीलला चिकटल्या. त्यांनी सवयीने पातेल्याच्या कडेवर पाण्याचा हबका मारला, अठ्ठावीस वर्षांची सवय, साफ आहे का हे पाण्याला विचारायची. पाणी पसरलं नाही. थेंब थेंब झालं आणि घसरत खाली गेलं.

बाईंचा हात थांबला. मग पिशवीतून वही काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूने पानं चाळू लागल्या. त्यांच्या शाळेतल्या गोल अक्षरांत एकेक ओळ, एकेक तारीख. एका पानावर बोट ठेवून त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

मी वाचलं. ‘तुरटीच्या प्रॅक्टिकलची नळी साबणानं धुतली तर पांढरं चिकटतं. मग नळीला पाणी लागत नही, घसरतं. काबरं?’ खाली तारीख होती, एकोणीस वर्षांपूर्वीची. आणि तारखेपुढे, ‘सुलभा मॅडम – नंतर.’

केमिस्ट्रीच्या दृष्टीने ते दोन मिनिटांचं उत्तर आहे. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. ते साबणातल्या तेलकट भागाशी जोडलं जातं आणि पाण्यात न विरघळणारा चिकट थर तयार होतो. त्या थराला पाणी लागत नाही. पूर्वी छत्र्यांचं, तंबूंचं कापड पाणी झिरपू नये म्हणून तुरटी आणि साबणातून काढायचे. हे मला पाठ होतं. फोपनारच्या अकरा जणी दोन महिने रोज साबणात शिजवलेला तंतू तुरटीच्या पाण्यात धूत होत्या. जखमेचं पाणी ओढून घेणारी पट्टी करायला निघाल्या होत्या आणि छत्रीचं कापड करून ठेवत होत्या. आणि मी वर साबण वाढवायला सांगितला होता.

“खडा मी फिरवत होते, मॅडम,” बाई म्हणाल्या. “रोज. माह्या हातानं. आणि किल्ली तिची गेली.”

मला वाईट वाटलं, फार. माझ्यासाठीही आणि त्यांच्यासाठीही. पण बाईंचा चेहरा नुसता दुःखी नव्हता. त्यांना उत्तर मिळालं होतं. त्या मधेच पातेल्यावर पुन्हा हबका मारून थेंब घसरताना बघत होत्या.

मंगळवारी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर फोपनारला गेले. बायका जमल्या होत्या. वैजयंती मागे, दाराजवळ उभी होती. मला वाटलं बाई शास्त्र सांगतील, किंवा मला सांगायला लावतील. त्यांनी पदराच्या गाठीतून तुरटीचा खडा काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला.

“सुमन, किल्ली वैजयंतीले दे,” त्या म्हणाल्या. “पाण्यात घालणारी मी होते. तिनं काहीच चुकवलं नही. त्या दिवशी मी गप्प बसले, ते बी चुकलं.”

सुमन गोंधळून म्हणाली, “पण मावशी, तुरटी तर आमी बी घालतो घरी. ते काय घालणं असते का?”

“तेच तर,” बाई म्हणाल्या. “मॅडमनं विचारलं, पाण्यात काय घालता. मी सांगितलं, काहीच नही. आणि मी खोटं बोलत नव्हते.”

वैजयंती पुढे आली, किल्ली घेतली आणि म्हणाली, “आत्याबाई, लॉटचं काय करायचं ते सांगा.” मला ती मुलगी त्या क्षणी फार आवडली. रडारड नाही, टोमणा नाही.

लॉटचं काय करायचं, ते सांगणं माझ्याकडे आलं, आणि ह्या खेपेला मी आधी मूठभर तंतूवर करून पाहिलं. चिकट थर आंबटाने सुटतो. लिंबूफूल, ढोकळ्यात घालतो ते, गरम पाण्यात विरघळवून त्यात तंतू ठेवायचा. ॲल्युमिनियम सुटतं, तेलकट भाग उरतो. तो मग सोड्याच्या उकळत्या पाण्यात निघून जातो. शेवटचं धुणं मात्र तुरटी नसलेल्या, गाळ नसलेल्या पाण्यात हवं. ते आणायचं कुठून? वैजयंतीने वर बोट दाखवलं. खोलीवर पत्रे होते आणि पाऊस रोज पडत होता. पहिल्या सरीत पत्रे धुऊन जाऊ द्यायचे आणि मग खाली ड्रम लावायचे. भाईदासने केळीच्या औषधाचे नव्हे, पिण्याच्या पाण्याचे, अगदी स्वच्छ असे नऊ ड्रम गावभर फिरून गोळा केले. त्याने प्रत्येक घरी विचारलं, यात आधी काय होतं. त्यालाही बहिणीची लागण झाली होती.

बुधवार, गुरुवार चाळीस किलो तंतू पुन्हा शिजला. मी कॉलेज सांभाळून संध्याकाळी जायची. वाळवायला पंखे लावले होते, शिवाय चुलीची ऊब. गुरुवारी तंतू अजून ओलसर होता आणि वैजयंती दर तासाला तो उलटत होती.

शुक्रवारी तृप्ती आली. तिने स्वतःची टोपली आणली होती, कंपनीची, शिक्का मारलेली. लॉटच्या पाच जागांहून तंतू काढला, वजन केलं, टोपली भरली. पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं. अकरा जणी, भाईदास, मी, सगळे भांड्याभोवती. मथुराबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तृप्तीने टोपली सोडली. टोपली क्षणभर वर राहिली. वैजयंती ओठांत मोजत होती. चार. पाच. टोपली एका बाजूला कलली. सहा. सातला ती खाली गेली आणि तळाला टेकल्याचा बारीक आवाज आला.

मथुराबाईंनी डोळे न उघडता विचारलं, “किती?”

“सात,” वैजयंती म्हणाली, आणि मग ती रडली. मग सगळ्याच जणी रडल्या, हसल्या. सुमनने तिला जवळ घेतलं. तृप्तीने आणखी चार टोपल्या बुडवल्या, सगळ्या दहाच्या आत. फोनवर साहेबांना म्हणाली, “सर, पास आहे. आणि सर, आपल्या फॉर्ममध्ये एक कॉलम बढाना पडेगा.” लॉटच्या फॉर्ममध्ये ‘पाण्यात काय घातलं’ असा रकाना होताच. त्याखाली तिने पेनाने एक नवा काढला, ‘पाण्याचं काय काय केलं’. त्यात पहिली नोंद मथुराबाईंनी केली, जुलैपासूनची, सगळी. पुढे स्वतःचं नाव लिहिलं.

सगळं आवरल्यावर चहा झाला. मंगळवारी ठेवलेला तुरटीचा खडा अजून तिथंच टेबलावर पडला होता. बाईंनी तो उचलून पुन्हा पदराला बांधला. मी बघते आहे हे पाहून म्हणाल्या, “घरी प्यायच्या पाण्याले लागन ना. त्याचा काय दोष?”

मग त्यांनी पिशवीतून फुटतुटीची वही काढली, ते एकोणीस वर्षांपूर्वीचं पान उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी प्रश्नाखाली उत्तर लिहिलं. आठवीच्या मुलीला समजेल असं, सावकाश, चांगल्या अक्षरात. त्यांनी ते दोनदा वाचलं. एका शब्दावर अडल्या, तो मी बदलला. मग त्यांनी ‘नंतर’ ह्या शब्दावर एक सरळ रेघ मारली.

मी सहज मागची पानं उलटली. एकशे बारा प्रश्न आहेत. त्यांतल्या सदतीस प्रश्नांपुढे लिहिलं आहे, ‘सुलभा मॅडम – नंतर.’ वर्षांमागून वर्षं, तेच तीन शब्द, आणि त्यात कुठं राग नाही, फक्त नोंद. काच फुटल्याची नोंद करावी तशी.

बाईंनी पुढचं पान काढलं आणि बोट ठेवलं. केळीचा चीक कपड्याला लागला तर आधी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी काळा होतो आणि जन्मात निघत नाही. काबरं?

थोडं मला माहीत होतं. का निघत नाही, ते नीट माहीत नव्हतं. पूर्वी असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं.

“मला पक्कं माहीत नाही,” मी म्हणाले. “लिहा, सुलभा मॅडम, रविवारी.”

त्यांनी लिहिलं. गेले पाच रविवार मी फोपनारच्या बसमध्ये असते.